आज्ञावलीची विद्या आणि आपल्या प्रशालेतील मुले

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त पालक, शिक्षक व युवक यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या वर्षी मागील कृपादानांबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत आणि पुढील पिढीचे आपण काय देणे लागतो याचा हिशेब करावा, अशी ख्रिस्तसभेची वहिवाट आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा जो नियम सांगितला आहे, त्यात ज्याची वडिलोपार्जित जमीन हातची गेली असेल त्यास ती परत मिळावी अशी तजवीज होती. हा अध्याय वाचताना आम्हांस आपल्या वसईची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले यांवर संसार केले. १८६७ साली विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली. पुढे तिच्यातून आपला माल शहरात जाऊ लागला व मालामागून नोकरी करणारी माणसेही जाऊ लागली. आज कित्येक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. ती जमीन परत मिळवून देणे आमच्या हाती नाही. परंतु ज्याच्या पायाखाली जमीन उरली नाही त्याच्या हाती हुन्नर असावा, एवढी तजवीज करणे खचित आपल्या हाती आहे. आजचा विषय आम्ही याच दृष्टीने घेतला आहे.

आपल्या प्रशालेत इयत्ता नववी व दहावीस संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची विद्या, जिला लोक प्रोग्रॅमिंग किंवा कोडिंग म्हणतात, व्यवसायविषय म्हणून शिकवावी काय, असा प्रश्न पालकसभेत निघाला आहे. त्यावर दोन मते ऐकू येतात. काही पालक म्हणतात, ही विद्या आली की मुलगा परदेशी गेलाच म्हणून समजावे. तेव्हा विलंब कशास? दुसरे म्हणतात, हल्ली यंत्र स्वतःच आज्ञावली लिहू लागले आहे. मग मुलांचा वेळ व शाळेचा पैसा का दवडावा? या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही मते या विद्येकडे केवळ नोकरीची हुंडी म्हणून पाहतात. एकास ती हुंडी वटेल असे वाटते, दुसऱ्यास ती वटणार नाही असे वाटते, एवढाच काय तो भेद. आमचे मत थोडक्यात असे आहे की, ही विद्या अवश्य शिकवावी. मात्र हुंडी म्हणून नव्हे, तर सुतारकाम किंवा लोहारकाम ज्या रीतीने शिकवितात त्या रीतीने, हुन्नर म्हणून शिकवावी.

प्रथमतः ही विद्या म्हणजे काय ते पाहू; कारण पुष्कळांच्या मनात तिच्याविषयी उगाच धाक आहे. वाडीला पाणी देणाऱ्या माणसाचे काम आठवा. पाटाचे पाणी तो पहिल्या वाफ्यात सोडतो. वाफा भरला काय हे पाहतो. भरला नसेल तर थांबतो. भरला असेल तर मातीचा बांध घालून तो वाफा बंद करतो व पुढचा उघडतो. आणि शेवटचा वाफा भरेपर्यंत हाच क्रम चालवितो. आता हे काम तुम्हांस अशा गड्यास सांगावयाचे आहे की जो अत्यंत आज्ञाधारक, परंतु तितकाच अजाण आहे. वाफा भरला म्हणजे किती बोटे पाणी? मध्येच विहिरीचे पाणी संपले तर काय करावे? एखाद्या वाफ्यात रोपच नसेल तर? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तुम्ही आधी देऊन ठेवले नाही, तर तो गडी रिकाम्या वाफ्यात दिवसभर पाणी ओतीत बसेल आणि तरीही आज्ञा मोडली असे त्यास म्हणता येणार नाही. संगणक हा असाच गडी होय. क्रम, अट आणि पुनरावृत्ती या तीन साधनांनी कोणतीही गणनकृती सांगता येते, हे १९६६ साली कोराडो ब्यॉम व ज्युसेप्पे याकोपिनी या दोघा इटालियन विद्वानांनी सिद्ध केले आहे. म्हणजे विद्येचे मूळ यंत्रात नसून नेमका विचार करण्यात आहे. आणि नेमका विचार आपल्या शेतकऱ्यांस व कोळी बांधवांस नवा नाही.

दुसरा धाक इंग्रजीचा. मराठी माध्यमाच्या मुलांस ही विद्या झेपणार नाही असे म्हणणारे सद्गृहस्थ आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, शाळांतून हल्ली बहुधा शिकविल्या जाणाऱ्या पायथन या भाषेत राखीव शब्द अवघे पस्तीस आहेत. शिवाय २००८ साली निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण योजलेल्या राशींस देवनागरीत नावे देण्याची मुभा आहे. तेव्हा एखाद्या मुलीने टोपल्या, भाव आणि भाडे अशी नावे देऊन फुलांचा हिशेब मांडला तर यंत्र तो बिनतक्रार करील. पुढे ग्रंथ वाचण्यास इंग्रजी लागेलच. पण जे मूल मायबोलीत नीट विचार करू शकते त्यास आरंभी दाराबाहेर उभे करण्याचे कारण नाही.

आता कोणी विचारील की, धर्मगुरूंनी या भानगडीत का पडावे? त्यास उत्तर असे की, मुलांस हुन्नर शिकविणे हे ख्रिस्तसभेचे परके काम नव्हे. आपला तारणारा नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढला, हे सांगावयास नकोच. संत जॉन बॉस्को यांनी ट्यूरिन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी १८५३ सालापासून चांभारकाम व शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकाम यांच्या कार्यशाळा उघडल्या. त्याच्याही आधी, १८५२ साली, त्यांनी एका मुलासाठी एका सुताराशी लेखी करार केला होता. त्या करारात मालकाने दोन वर्षांत धंदा शिकवावा, धंद्याबाहेरच्या कामास मुलास जुंपू नये, चूक झाल्यास शब्दांनीच सुधारावे आणि सणावारी त्यास मोकळे सोडावे अशी कलमे होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा कागद आम्हांस फार बोलका वाटतो. मुलास नुसते कामास लावणे आणि मुलास काम शिकविणे यांतील अंतर त्या संताने कलमवार लिहून ठेविले. आपल्या देशातही १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया असावा असा विचार मांडला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले आहे. त्याच धोरणात त्या वर्गांपासून कोडिंगचाही उल्लेख आहे.

संगणकाच्या बाबतीत तर आपल्या धर्मबंधूंचा व धर्मभगिनींचा वाटा बराच जुना आहे. इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूची करण्याचा संकल्प केला व १९४९ साली न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांचे साहाय्य मिळविले. एक कोटीहून अधिक शब्दांचे ते काम सुमारे तीस वर्षे चालले व ५६ खंडांत छापून निघाले. या कामासाठी गाल्लाराते या गावी त्यांनी १९५६ साली एक प्रशिक्षणशाळा काढली. तीत मुख्यत्वे तरुण मुलींस कार्डांवर छिद्रे पाडून अक्षरे नोंदविण्याचे शिक्षण दिले जाई. अमेरिकेत सिस्टर मेरी केनेथ केलर या धर्मभगिनींनी १९६५ साली संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळविली, त्या देशात ही पदवी प्रथम मिळविणाऱ्या दोघांपैकी त्या एक होत. त्यांनी डुब्यूक येथील क्लार्क कॉलेजात, जे त्या वेळी स्त्रियांचे महाविद्यालय होते, संगणकशास्त्राचा विभाग उभारला व वीस वर्षे चालविला. हे काम मुलांचे, मुलींचे नव्हे, असे ज्यांस वाटते त्यांनी या दोन्ही उदाहरणांचा विचार करावा.

परंतु गाल्लारातेच्या शाळेची गोष्ट येथे संपत नाही. छिद्रे पाडण्याचा तो धंदा पुढे समूळ नाहीसा झाला. कार्डे गेली, यंत्रे गेली आणि केवळ बोटांच्या चपळाईला मिळणारी मजुरीही गेली. आपल्याकडे छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांचे तेच झाले. संगणकावर पाने जुळू लागताच कित्येकांच्या हातचे काम गेले. केवळ खिळ्यांची पेटी ठाऊक असलेल्या माणसाचा निभाव लागणे कठीण झाले. पण शुद्धलेखन, समास, ओळींतील अंतर व वाचकाची सोय यांची ज्यास जाण होती, त्याच्या विद्येला नव्या यंत्रावरही स्थान होते. हुन्नराला दोन अंगे असतात: एक अवजाराचे व दुसरे विवेकाचे. अवजार मरते, विवेक उरतो. जी शाळा केवळ अवजार शिकवील ती मुलांची फसवणूक करील, मग तिच्या फलकावर कितीही आधुनिक नाव असो.

दुर्दैवाने आपल्या शिक्षणात ही चूक वारंवार झाली आहे. १९८४ साली भारत सरकारने शाळांत संगणक-साक्षरतेची योजना काढली व आरंभी सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक बसविले. केवळ यंत्र आल्याने विद्या येत नाही, हे तेव्हापासून अनेक शाळांतील कुलूपबंद संगणकखोल्या सांगत आल्या आहेत. आपल्या राज्यात अकरावी-बारावीच्या द्विलक्षी अभ्यासक्रमात संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा विषय झाला, ही चांगली गोष्ट; परंतु त्यात १९७६ साली निघालेल्या ८०८५ या प्रक्रियकाच्या आकृत्या तो बाजारात मागे पडल्यानंतरही वर्षानुवर्षे पाठ करविण्यात आल्या. जुने यंत्र शिकण्यात पाप नाही, कारण साध्या यंत्रावर मूलतत्त्वे स्पष्ट दिसतात. दोष आहे तो पाठांतराचा. इंग्लंडमध्ये शाळांतून केवळ तयार कार्यक्रम वापरण्यास शिकवीत. ते अपुरे ठरल्यामुळे २०१४ साली तेथे अभ्यासक्रम बदलून आज्ञावलीलेखन पहिल्या इयत्तांपासून घेण्यात आले. पत्र टंकित करणे व तक्ता भरणे उपयोगी आहे. पण खुर्चीवर बसता येणे म्हणजे सुतारकाम येणे नव्हे.

तेव्हा आपल्या प्रशालेत हा विषय कसा शिकवावा, याविषयी आमच्या पाच सूचना आहेत.

पहिली सूचना शिक्षकाविषयी. गणिताच्या शिक्षकावर शेवटच्या तासाचे ओझे म्हणून हा विषय टाकू नये. एक शिक्षक किंवा शिक्षिका याच कामासाठी असावी, तिला उन्हाळ्याच्या सुटीत शिकण्यास पाठवावे व तिच्या वेतनात काटकसर करू नये. यंत्र दोन वर्षे उशिरा घेतले तरी चालेल, शिक्षक आधी.

दुसरी, यंत्रांविषयी. प्रत्येक मुलास स्वतंत्र संगणक हवा असा हट्ट नको. दोघांत एक यंत्र द्यावे. एकाने लिहावे, दुसऱ्याने प्रत्येक ओळ वाचून शंका घ्यावी आणि ठरावीक वेळाने जागा बदलाव्यात. त्याआधी कामाचा क्रम कागदावर मांडलेला असलाच पाहिजे. यात काटकसर तर आहेच. शिवाय आपले काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ देण्याची जी नम्रता कारागिरास लागते, तीही अंगी येते.

तिसरी, कामाविषयी. दहावी संपण्यापूर्वी प्रत्येक जोडीने असे एक लहानसे काम पुरे करावे की जे कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडेल. दादरच्या बाजारात फुले नेणाऱ्या एखाद्या काकूंजवळ मुलांनी बसावे. किती टोपल्या गेल्या, भाव काय मिळाला, अडत किती कापली, भाडे किती झाले, हातात काय राहिले, हे विचारावे. आणि त्यांना समजेल असा हिशेब करून द्यावा. काकू म्हणतील, मला हे नको, मला आठवड्याची बेरीज हवी. मग मुलांनी ते मोडून पुन्हा करावे. या एका मोडण्यात जे शिक्षण आहे ते दहा प्रश्नपत्रिकांत नाही. मात्र धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आम्ही या सरावासाठी देणार नाही. त्यांत कुटुंबांच्या खासगी गोष्टी असतात, आणि २०२३ साली तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. सराव कल्पित नावांवर करावा. दुसऱ्याची माहिती ही ठेव असते, हा या धंद्यातील पहिला धडा असावा.

चौथी, परीक्षेविषयी. प्रत्येक मुलाने चुकांची वही ठेवावी. काय बिघडले, का बिघडले, कसे शोधले व कसे सुधारले, अशा चार रकान्यांची. गुण देताना त्या वहीस मान द्यावा. इतर विषयांत चूक म्हणजे तांबडी रेघ. या हुन्नरात चूक हा रोजचा सोबती आहे, आणि ती लपविणारा मुलगा कधीही कारागीर होणार नाही.

पाचवी, प्रवेशाविषयी. व्यवसायविषय म्हणजे कच्च्या मुलांचा कोपरा अशी एक दुष्ट समजूत आपल्या समाजात आहे. हा विषय ना केवळ हुशारांचा मखर व्हावा, ना मागे पडलेल्यांची अडगळ. आणि त्याला वेगळी फी मुळीच नसावी. २०२० सालच्या टाळेबंदीच्या सुमारास, दूध नुकते सुटलेल्या मुलांसही कोट्यधीश करू अशा थाटाच्या जाहिराती घरोघर पोहोचल्या आणि भाबड्या पालकांनी कर्ज काढून शिकवण्या लावल्या. ज्याच्या घरी पैसा आहे तो ही विद्या बाहेर विकत घेईल. ज्याच्या घरी नाही त्यास ती शाळेतच मिळाली पाहिजे. आमच्या दृष्टीने शाळेत हा विषय ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण हेच.

आता एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यात होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली १९९९ सालापासून वापरात आली. तीत दोष होते. ती प्रणाली गावोगावच्या टपालकेंद्रांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. आणि यंत्र चुकणार नाही या समजुतीने त्या केंद्रचालकांवर चोरीचे व अफरातफरीचे खटले भरण्यात आले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले, काहींनी जीव दिला. शेवटी २०२४ साली तेथील पार्लमेंटला त्यांच्या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. बंधुभगिनींनो, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. यंत्राच्या तोंडून दिलेली खोटी साक्षही खोटीच असते. आणि ती कोणी तरी लिहिलेली असते, कोणी तरी तपासावयाची राहिलेली असते, कोणी तरी ठाऊक असून झाकलेली असते. म्हणून आमचा आग्रह आहे की, हा विषय शिकविताना नीतीचा तास वेगळा ठेवू नये. बेरीज पुन्हा पडताळणे हीच येथील नीती होय.

आणि यातच दुसऱ्या मताच्या पालकांना उत्तर मिळते. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आज्ञावली लिहू लागली आहेत, हे खरे. नवशिक्यांच्या वाट्यास येणारी पुष्कळशी साधी कामे ती करतात, हेही खरे. म्हणूनच नोकरीचे वचन आम्ही देत नाही. परंतु यंत्राने लिहिलेले बरोबर आहे काय, काकूंच्या हिशेबात अडत दोनदा कापली गेली नाही ना, हे कोण पाहणार? ज्यास वाचता येत नाही त्यास दुसऱ्याने लिहिलेल्या दस्तऐवजावर अंगठा उठवावा लागतो. आपल्या आजोबांच्या पिढीत अशा अंगठ्यांनी किती जमिनी गेल्या, हे या सभेत सांगण्याची जरुरी नाही. नव्या काळातील दस्तऐवज आज्ञावलीच्या रूपाने लिहिले जात आहेत. आपल्या मुलांनी त्यांवर अंगठा उठवू नये, ते वाचून सही करावी, एवढ्यासाठी तरी ही विद्या हवी. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढले, ते कारखान्यांच्या युगात माणूस यंत्राखाली चिरडू नये म्हणून. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी ते नाव का घेतले हे सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेने आणलेल्या नव्या औद्योगिक क्रांतीचा मुद्दाम उल्लेख केला. पवित्र पित्यास ज्याची चिंता वाटते, त्याविषयी धर्मग्रामाने उदासीन राहणे बरे नव्हे.

युवकमित्रांनो, तुमच्या वयाचा एक संत तुम्हांस मिळाला आहे. कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यास संत म्हणून घोषित करण्यात आले. तो संगणकाची विद्या आपली आपण शिकला व तिच्या योगे पवित्र मिस्सेतील ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. त्यास या विद्येने पगार दिला नाही. ज्या गोष्टीवर त्याचे प्रेम होते ती इतरांपर्यंत नीट पोहोचावी, एवढ्यासाठी त्याने श्रम केले. तुम्हांस पगार मिळावा अशीच आमची इच्छा आहे, घरच्या चुलीचा प्रश्न आम्ही जाणतो. परंतु आधी काम नीट व्हावे, मग त्याचे मोल मागावे, हा क्रम सोडू नका.

पालकहो, मुलगा दहावीत आज्ञावली शिकून घरी आला तर त्यास पगार किती मिळेल हे लगेच विचारू नका. त्याने काय केले ते दाखवावयास सांगा आणि समजत नसेल तर समजेपर्यंत विचारा. ज्यास आपले काम आईला समजावून सांगता येते, त्यास ते खरोखर आले असे समजावे. शिक्षकहो, तुम्ही स्वतः शिकत राहा. मुलांपुढे एखादे उत्तर ठाऊक नाही असे म्हणण्याने तुमचा मान कमी होणार नाही.

बेन सिरा यांच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात नांगर धरणारा, लोहार व कुंभार यांची वर्णने आहेत. ते सभेत मानाच्या आसनावर बसत नाहीत, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही, असा त्या अध्यायाचा आशय आहे. त्या मालिकेत आपल्या धर्मग्रामातील ही मुले-मुली आज्ञावलीचे प्रामाणिक कारागीर म्हणून उभी राहोत, त्यांच्या हिशेबाने कोणाही निरपराध्याचे नुकसान न होवो, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरी या हुन्नराने भाकर येवो, अशी कामगारांचे आश्रयदाते संत योसेफ यांच्या मध्यस्थीने परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.